खशम आणि कश्मा

ईदच्या तिसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होते.
नंबर कुणाचेच वाढलेले नसतात,
फ्रेमी वाकलेल्या असतात.

मी काही विचारत नाही.
काचेच्या खालच्या कडेला
दुसऱ्याच कुणाच्या तरी नाकाचा तेलकट ठसा असतो,
त्याला ऊदाचा वास.
एकदा टेकलेलं नाक, दोनदा टेकलेलं, तीनदा.
जेवढा आदर, तेवढा स्क्रू ढिला.

रास अल खैमात, नखीलच्या एका गल्लीत
एकवीस वर्षं मी हे स्क्रू पिळतोय.
इथे नाकाला खशम म्हणतात, चष्म्याला कश्मा.
पहिल्याच महिन्यात माझा घोटाळा झाला,
एका पोलिसाला सांगितलं,
तुमचं नाक चार दिवसांनी मिळेल.
तो म्हणाला, तोवर श्वास कशानं घेऊ?

कुणाला काम सांगा, म्हणतो, अला खशमी.
माझ्या नाकावर. म्हणजे झालंच समजा.

माझ्या भाषेत नाकाला वेगळी कामं.
ते कापलं जातं, मुरडलं जातं,
नको तिथं खुपसलं जातं,
आणि घासायचंच झालं तर जमिनीवर,
चूक कबूल करताना.
माणसाच्या नाकाला माणसानं नाक लावावं
याला आमच्याकडे म्हण नाही.

वडिलांना मी वाकून नमस्कार करायचो
संगमेश्वरच्या स्टँडवर, बॅगा टपावर चढल्या की.
त्यांचा हात माझ्या पाठीच्या वीतभर वर थांबायचा,
तवा तापलाय का बघायला धरतात तसा.
मग कंडक्टर घंटी मारायचा.

एकदाच, एका सुट्टीत,
त्यांची नवी फ्रेम मी बसवली.
दोन्ही कानांमागे माझी बोटं गेली.
कान इतके मऊ असतील असं वाटलं नव्हतं.
"घट्ट होतंय का?"
"नाही," ते म्हणाले.

सगळ्यांनी तोंडं बांधली त्या वर्षी
ईदला दोघंच आले.
एकाचा चष्मा मुलानं तुडवला होता,
दुसरा पत्ता विचारत होता.
नोजपॅडचे डबे तसेच पडून.
वाफ न धरणारा स्प्रे मात्र खपला.
समोरच्या फुटपाथवर दोन म्हातारे
एकमेकांना बघून थबकले,
लांबूनच माना पुढे केल्या,
मग आपापल्या नाकाला बोट लावून
आपापल्या गाडीत बसले.

वडील त्याच वर्षी गेले. विमानं बंद.
भावानं मोबाइल त्यांच्या तोंडापाशी धरला.
चष्मा काढलेला होता.
नाकाच्या दोन्ही अंगांना दोन खळगे,
खोल.

यंदा खलफान बिन सुहैल दुसऱ्याच दिवशी आला.
ऐंशीच्या पुढचा, पूर्वी बोटी सांधायचा.
सात मुलं, तेवीस नातवंडं,
लहान कपाळाचा मुका घेतात, मोठी नाकाचा,
फ्रेमीची पार दशा.
मी चष्मा उतरवून घेतला
तसा तो काउंटरवर रेलून पुढे झाला
आणि त्याचं नाक माझ्या नाकाला लागलं.
एकदा. पुन्हा एकदा.
एसीनं गार पडलेलं, वेलदोड्याचा वास.

दिसत नाहीये म्हाताऱ्याला, मला वाटलं.
"बाबा, मी चष्मेवाला."
"कळतंय," तो म्हणाला. "ईद आहे.
चल, स्क्रू पिळ आता."

माझ्याच चष्म्याची डावी बाजू वर सरकली होती,
सगळं दुकान तिरकं,
स्क्रूची भोकं दोन-दोन.
पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागली.
बाहेर त्याचा नातू हॉर्न वाजवत होता.

चष्मा त्याच्या नाकावर ठेवला,
दांड्या कानांमागे नेल्या.
"घट्ट होतंय का?"
"होतंय," तो म्हणाला.

मी ढिलं केलं.